वानवळ्याची धाटं

ज्वारी जनावर मारते, हे आमच्या भागात शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसालाही ठाऊक असतं. चांगली पोसलेली, कणसात आलेली ज्वारी नव्हे. पावसानं दगा दिल्यावर गुडघ्याएवढी होऊन खुरटलेली, पानांची सुरळी झालेली ज्वारी. तिच्यात विष उतरतं. उपाशी गुरानं तिचे चार घास खाल्ले की अर्ध्या तासात ते आडवं होतं. लोक त्याला किराळ लागली म्हणतात. माझ्या आज्याला हे ठाऊक होतं, त्याच्या आज्यालाही असणार. आम्ही पदवी घेतलेले लोक मात्र ते मोजायला निघालो. त्या मोजण्याची ही हकीकत आहे. निवृत्त होऊन मला बरीच वर्षं झाली, तरी ती आठवली की माझं डोकं फिरतं. बायको म्हणते, झालं गेलं गंगेला मिळालं. कुणाचं मिळत असेल. आमच्या भागात गंगा नाही.

मी मूळचा बेंबळीचा. बहात्तरचा दुष्काळ पडला तेव्हा शाळेत होतो. पुढं जनावरांचा डॉक्टर झालो आणि ऐंशीनंतरच्या त्या कोरड्या वर्षांत भूमकडच्या ईट गावापलीकडं एका खेड्यात दवाखान्यावर नेमणूक झाली. दवाखान्याला गावानं जागा दिली होती ती बौद्ध वस्तीला लागून. गावाला नको असलेल्या सगळ्या गोष्टींना गाव तिथंच जागा देतं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. माझीच माणसं होती. माझ्या टेबलाशेजारच्या खिडकीतून मावशींचं दार दिसायचं.

मावशी माझ्या नात्यातल्या नव्हत्या. नवरा वारलेला, मुलगी लग्न होऊन गेलेली. घरात त्या आणि त्यांची जर्सी गाय. ही गाय साधी नव्हती. गावात सहकारी दूध संस्था निघाली तेव्हा आमच्या वस्तीचं दूध घ्यायला तोंडानं कुणी नाही म्हणालं नव्हतं, पण दूध घेऊन गेलं की कॅन भरलेला असायचा. मावशी रोज जायच्या आणि रोज भरलेला कॅन बघून परत यायच्या. एके दिवशी त्यांनी चरवी काट्याशेजारी ठेवली आणि म्हणाल्या, ‘‘आधी फॅट बघा, मग न्हाय म्हना.’’ फॅट निघाला तो गावातल्या कुठल्याही गाईपेक्षा जास्त. चेअरमन बरा माणूस होता, हसला. त्या दिवसापासून आमच्या वस्तीचं दूध गावाच्या कॅनमध्ये पडू लागलं. गावातल्या दोन घरांनी आपलं दूध बंद केलं आणि महिन्यानं मुकाट्यानं परत आणलं. मावशी सांगायच्या, ‘‘नळीत काय नाव दिसतंय व्हय कुणाचं? फॅटच दिसतोय.’’ त्यांच्यामागून वस्तीतली आणखी दोन घरं दूध घालू लागली, पण संस्थेच्या मापात बसेल असं दूध रोज फक्त मावशींचंच. ती गाय उभी होती म्हणून आम्ही सगळे संस्थेच्या ओट्यावर उभे होतो.

आता सरांबद्दल सांगतो. कॉलेजात ते मला शिकवायला होते. जनावरांच्या विषबाधेवर त्यांच्याइतकं बोलणारा माणूस मी नंतरही पाहिला नाही. तिसऱ्या वर्षाला असताना त्यांनी मला घरी जेवायला बोलावलं आणि थेट स्वयंपाकघरात पाट मांडला. त्यांच्या आईंनी मला आग्रह करून दुसरी भाकरी वाढली. त्या दुसऱ्या भाकरीबद्दल मी घरी पोस्टकार्ड लिहिलं होतं. आईनं ते कुणाकडून तरी वाचून घेतलं आणि जपून ठेवलं. सरांनी उडी मार म्हटलं असतं तर मी विहीर किती खोल आहे असं विचारलं नसतं.

सरांनी किराळेवर संशोधनाचं काम काढलं आणि गावपातळीवरचा माणूस म्हणून मला घेतलं. कुठल्या वाढीच्या ज्वारीत किती विष असतं ते तपासायचं. रीत सोपी होती. ताजी पानं कुटायची, लहान नळीत घालायची, वर क्लोरोफॉर्मचे थेंब टाकायचे आणि पिक्रिक ॲसिड आणि सोड्याच्या पाण्यात बुडवून सुकवलेली पिवळी कागदाची पट्टी बुचाला अडकवून आत लोंबती सोडायची. विष असलं तर पट्टी आधी नारिंगी होते आणि मग विटेसारखी लाल. नसलं तर पिवळीच राहते. ते ॲसिड वाळलं तर पेट घेतं, म्हणून बाटलीत कायम पाणी ठेवावं लागायचं. सर म्हणायचे, ‘‘जप रे, नाहीतर तुला तेरखेड्याला नोकरी बघावी लागेल.’’ तेरखेडा म्हणजे फटाक्यांचं गाव. आम्ही हसायचो. माझी बोटं सदा पिवळी असायची आणि मावशी विचारायच्या, ‘‘हळद लागली वाटतं डाक्टरला? नवरी कुठली?’’

दवाखान्यात आमच्याबरोबर ड्रेसर होते. मी त्यांना मामा म्हणायचो. कर्नाटकाच्या हद्दीकडचे, कपाळावर भस्माचे पट्टे, जनावरांशी कानडीत बोलायचे आणि माणसांशी फारसं बोलायचेच नाहीत. पदवी मी कॉलेजातून आणली, पण शीर कशी धरायची ते मामांनी शिकवलं. किराळेवरचं औषध सरकारी कपाटात कधी नसायचं. मामांनी सांगितलं, भूमच्या फोटोवाल्याकडं जावा, त्याच्याकडचा हायपो तोच. फोटो धुवायची ती पूड उकळलेल्या पाण्यात विरघळवून गाळून शिरेत दिली की पडलेलं जनावर उठतं. फोटोवाला म्हणायचा, ‘‘डाक्टरसाहेब, एवढा हायपो? कुणाच्या घरची लग्नं काढताय?’’

नमुने गोळा करायचं काम माझं. मी गावोगाव फिरून सांगितलं की तुमच्या ज्वारीची पाच-सहा धाटं दवाखान्यात आणून द्या, सरकारी तपासणी आहे. लोकांनी दिली. हौसेनं दिली. पेंढ्या स्वच्छ बांधलेल्या, वर फडक्याची गाठ. मी नळीमागून नळी लावत गेलो आणि पट्ट्या पिवळ्या राहत गेल्या. क्वचित एखादी फिक्कट नारिंगी. सर खूश झाले. दुष्काळी ज्वारीबद्दलची भीती वाजवीपेक्षा जास्त आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि पुढच्या महिन्यात एका परिषदेत वाचायला निबंध लिहायला घेतला. त्या वर्षी मृगाचं पेरलेलं सगळं करपत चाललं होतं, विकत वैरण मिळत नव्हती, आणि दूध संस्थेनं आसपासची खुरटलेली उभी ज्वारी कापून सभासदांच्या दुभत्या जनावरांना वाटायचं ठरवलं. चेअरमननं सरांकडं कागद मागितला. सरांनी दिला. वैरण तपासलेली आहे, घालण्यास हरकत नाही. वर सरांची सही, खाली माझी. सही करताना मला वाटलं होतं, आईनं हे बघायला हवं.

वाटप सुरू व्हायला आठ-नऊ दिवस होते तेव्हाची गोष्ट. मी मावशींच्या ओट्यावर चहा पीत होतो. गमतीनं म्हणालो, ‘‘मावशी, तुमच्या धाटांत विष नाही निघालं. पट्टी पिवळीच्या पिवळी राहिली.’’

मावशी म्हणाल्या, ‘‘निघंल कसं? वड्याच्या कडंची आनली व्हती. रानात हिंडून हिंडून निवडली. तुमाला काय मेली धाटं देऊ व्हय? मानूस वानवळा देतंय तर चांगला देतंय.’’

मी चहा तसाच ठेवून उठलो.

बाहेरगावच्या वाचकाला हे कळावं म्हणून सांगतो. आमच्याकडं रानात नवं काही आलं, हुरडा असो, शेंगा असोत, वाळकं असोत, की पहिला वाटा शेजारी, पाहुणा, मास्तर, डॉक्टर यांच्याकडं जातो. तो वानवळा. त्याचा एकच नियम, उत्तमातलं उत्तम निवडून द्यायचं. किडकं, खुरटं घरात ठेवायचं. त्या मापानं बघितलं तर मी गावोगाव जाऊन वानवळाच मागितला होता. सरकारी तपासणी म्हटल्यावर तर लोकांनी आणखी निवडून दिलं. विहिरीच्या थारोळ्याजवळची, ओढ्याकाठची, पाणी प्यालेली, डोक्याएवढी धाटं. मी त्या दिवशी सायकल काढून दहा-बारा घरं फिरलो. सगळीकडं तेच उत्तर, वर माझ्या प्रश्नाचं हसू. एक म्हातारा तर रागावला. म्हणाला, ‘‘माज्या घरचं वाईट कसं दाखवू तुमाला?’’ मी स्वतः बेंबळीत वानवळे घेऊन दारोदार फिरलेलो माणूस. मला हे आधी कळायला हवं होतं. पण कोट घातला की आपण आपल्या आईच्या घरात काय शिकलो ते विसरतो.

दोन दिवसांनी सर जीपमधून आले. मी त्यांना सगळं सांगितलं. खुरटलेल्या शेतातून मी स्वतः उपटून आणलेल्या चार धाटांच्या नळ्याही दाखवल्या. चारही पट्ट्या लालभडक. मामा तिथंच स्टोव्हवर चहा करत होते. सरांनी एकेक नळी उजेडाकडं धरून बघितली. मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

‘‘बरं झालं वेळेत सांगितलंस. मी आत्ताच चेअरमनकडे जातो आणि वाटप थांबवायला सांगतो. तू मात्र गावात बोलू नकोस. आधी घाला म्हटलं, आता घालू नका म्हणतात, असं झालं तर उद्या आपल्या कुठल्याच शब्दावर कुणी विश्वास ठेवणार नाही. माझ्यावर सोड.’’

‘‘नक्की सांगाल ना, सर?’’ मी विचारलं. विचारल्याची मलाच लाज वाटली.

‘‘वेडा आहेस का?’’ ते म्हणाले.

जीप संस्थेच्या रस्त्याला वळली तोवर मी दारात उभा होतो. मग निश्चिंत होऊन आत आलो. दुसऱ्या दिवसापासून मी लस टोचायला बाहेरगावी जाऊ लागलो. सकाळी जायचो, दिवस मावळता यायचो. त्या आठवड्यात मी संस्थेत एकदाही डोकावलो नाही. सरांच्या शब्दाची खातरजमा करायची म्हणजे सरांवर संशय घ्यायचा, आणि ते मला जमणारं नव्हतं. खरं सांगायचं तर मला गावात तोंड दाखवायचंही नव्हतं. माझी चूक सर परस्पर निस्तरत होते, हे मला सोयीचं होतं.

पुढं मला कळलं, सर संस्थेत गेले होते हे खरं. ताक प्याले, चेअरमनशी पावसाबद्दल बोलले आणि निघून गेले. परिषदेला तीन आठवडे राहिले होते.

वाटपाच्या पहिल्याच सकाळी मी शेजारच्या गावात लस टोचत होतो. एक माणूस सायकल हाणत आला आणि लांबूनच ओरडला, ‘‘डाक्टर, गुरं पडायलीत!’’ काय झालं ते मी विचारलंच नाही. आम्ही पोचलो तेव्हा संस्थेसमोरच्या आळीत गुरं पडलेली होती. तोंडाला फेस, धाप, पाय झाडणं चाललेलं. पापणी उलटून बघितली तर आत लालबुंद. मामा आधीच कामाला लागले होते. दोघं मिळून हायपो देत सुटलो. काही गुरं उठली. काही सुई शिरेत असतानाच गेली. प्रत्येक दारात माणूस माझा हात धरून ओढत होता आणि रस्ता गावाकडून आत येणारा. वस्ती शेवटी, माझ्या दवाखान्यापाशी. तिथं पोचायला मला तासभर लागला.

मावशी दावणीजवळ बसल्या होत्या. गाईचं डोकं मांडीवर होतं. वासरू बाजूला बांधलेलं, ते ओरडत होतं. मी गुडघ्यावर बसून शीर चाचपली. सवयीनं, बाकी काही नाही.

‘‘ऱ्हाऊ द्या,’’ मावशी म्हणाल्या. ‘‘गेली ती.’’ मग गाईच्या कपाळावरून हात फिरवत म्हणाल्या, ‘‘माज्या सासूनं असली वैरण दावणीला येऊ दिली नसती. म्यापन घेत नव्हते. पर संस्थेच्या कारकुनानं कागद वाचून दावला. खाली तुमची सही व्हती. म्हनलं, आपल्या मानसाची सही हाय.’’

चौकशी संस्थेच्या ओट्यावर झाली. जिल्ह्याहून अधिकारी आले, खुर्च्या मांडल्या, सर आले. माझ्याकडं बघून हसले, नेहमीसारखे. मला वाटलं, आता सांगतील. सर उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, प्रयोगशाळेच्या कामात काही दोष नाही, नमुने चुकीचे आले. गावकऱ्यांनी अज्ञानामुळं भलतीच धाटं दिली आणि गोळा करणाऱ्यानं ती पारखून घेतली नाहीत.

मी उठून बोललो. माझा आवाज चढला होता. म्हणालो, ‘‘आठवडाभर आधी मी तुम्हाला हे सांगितलं, पट्ट्या दाखवल्या, वाटप थांबवतो म्हणून तुम्ही शब्द दिलात.’’

सर अधिकाऱ्यांकडं वळले. ‘‘असं काही बोलणं झालेलं मला आठवत नाही. मुलगा गुणी आहे. घाबरलाय.’’

मुलगा गुणी आहे! याच तीन शब्दांत त्यांनी मला कॉलेजात उभं केलं होतं, त्याच तीन शब्दांत आडवं केलं. अधिकाऱ्यांनी विचारलं, त्या वेळी दुसरं कोण हजर होतं? मी मामांकडं बोट केलं. मामांनी टोपी काढली, परत घातली आणि जमिनीकडं बघत म्हणाले, ‘‘म्या भाईर व्हतो, सायब. म्या काय आयकलं न्हाय.’’ चार महिन्यांनी त्यांची पेन्शन सुरू व्हायची होती. सरांवर चिडलो त्याहून मी त्या वेळी मामांवर जास्त चिडलो. ज्यानं हात धरून शीर दाखवली त्यानंच हात सोडला. पुढं त्यांनी माझ्यासाठी चहा केला की मी तो पीत नसे. निवृत्त होऊन गेले तेव्हा निरोपालाही मी दोनच वाक्यं बोललो. आज वाटतं, म्हाताऱ्यावर जरा अन्यायच केला. सरांबद्दल तसं वाटत नाही.

ओट्याच्या खाली बाया बसल्या होत्या. अधिकाऱ्यांनी विचारलं, ‘‘तुम्ही खुरटलेली धाटं का दिली नाहीत?’’ मग मावशी उभ्या राहिल्या, पदर सावरला आणि म्हणाल्या, ‘‘आमची चुकी झाली, सायब. आमी चांगली दिली.’’

ते लिहून घेतलं गेलं. गावकऱ्यांची चूक, कबुलीसह. मला ताकीद मिळाली. सरांनी परिषदेत निबंध वाचला.

मावशींच्या दावणीला पुन्हा गाय आली नाही. वासरू महिनाभर जगलं. वस्तीतल्या त्या दोन घरांचं दूध घेऊन बाया संस्थेत जायच्या तेव्हा कॅन पुन्हा भरलेला असू लागला. तोंडानं कुणी काही म्हणालं नाही.

पुढच्या पावसाळ्यात माझी बदली झाली. सामान बांधत असताना मावशी दवाखान्यात आल्या. काखेत पेंढी होती. टेबलावर ठेवून सोडली. आत वीतभर, वाळत चाललेली, सुरळी झालेल्या पानांची धाटं. फडक्याची गाठ मात्र तशीच नेटकी.

‘‘ह्या टायमाला रानातली वाईटातली वाईट आनली,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तपासा.’’

मी बांधलेलं खोकं सोडलं. नळी काढली, पानं कुटली, थेंब टाकले, पट्टी लावली. आम्ही दोघं बघत उभे होतो. पट्टी बघता बघता विटेसारखी झाली.

‘‘आता बराबर हाय?’’

‘‘बरोबर आहे, मावशी.’’

त्यांनी मान हलवली. मग म्हणाल्या, ‘‘म्या वड्याच्या धाटांचं सांगितलं तवा तुमी चहा तसाच ठिवून उठला व्हता. तवाच कळलं व्हतं न्हवं तुमाला?’’

वर्षभर मी या प्रश्नाची वाट बघत होतो. ‘‘हो,’’ मी म्हणालो. ‘‘पण मी सरांना सांगितलं होतं. त्यांनी शब्द दिला होता. मला त्यांनी फसवलं, मावशी.’’

‘‘त्येंनी तुमाला फसिवलं,’’ मावशी म्हणाल्या. ‘‘खरं हाय. म्या त्या दिवशी आयकलं तुमचं.’’ त्यांनी फडकं झटकलं आणि घडी घातली. ‘‘त्येंला सांगितलं, ते ऱ्हात्यात लांब शेरात. माजं घर किती लांब व्हतं?’’

त्या गेल्या. मी खिडकीपाशी उभा होतो. त्या घरात शिरल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं, ते मला टेबलापासून दिसलं.